छतावर सौर पॅनेल लागली, पण खरा प्रश्न रात्रपाळीचा होता

कारखाना नवीकरणीय ऊर्जेवर न्यायचं ठरलं, तेव्हा व्यवस्थापनाच्या डोळ्यांसमोर फक्त छत होतं. मी ऊर्जा विभाग सांभाळतो, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर वीजबिल होतं. एक किलोवॉटच्या पॅनेलना साधारण 5 चौरस मीटर जागा लागते; मधल्या वाटा आणि धुराड्यांच्या सावल्या धरल्या तर बरीच जास्त. सगळ्या शेड झाकल्या तरी तीन पाळ्यांच्या वापरातला छोटा हिस्साच भागणार होता. म्हणून मी हट्ट धरला: आधी वापर मोजू, मग पॅनेल मोजू.

प्रत्येक फीडरवर, म्हणजे एकेका विभागाला वीज नेणाऱ्या लाइनवर, मीटर बसवले, दर 15 मिनिटांची नोंद सुरू केली. सुट्टीच्या दिवशीचा आलेख पाहिला आणि थक्क झालो. उत्पादन बंद, तरी रेघ एका उंचीवर येऊन अडकलेली. त्यातला मोठा वाटा यंत्रांना दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा निघाला. आमचा जुना फिटर म्हणाला, "साहेब, मशिनं बंद आहेत, मग ही हवा पितंय कोण?" बंद शेडमध्ये त्याच्याबरोबर फिरलो. एरवी गोंगाटात न ऐकू येणारी सूंऽऽ जागोजागी येत होती. तो ब्रशने साबणाचं पाणी सांध्यांवर फिरवायचा, बुडबुडे आले की मी तिथे लाल चिठ्ठी बांधायचो. निगा नसलेल्या यंत्रणेत दाबाच्या हवेपैकी 20 ते 30 टक्के अशीच गळून जाते. गळत्या बुजवल्यावर हवेचा दाबही उतरवता आला आणि तिथे आणखी वीज वाचली. मग पंख्यांना आणि पंपांना व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग गरजेप्रमाणे बदलणारी उपकरणं, लावली. पंख्याचा वेग 80 टक्क्यांवर आणला की त्याला लागणारी वीज जवळपास निम्मी होते. कोणत्याही पॅनेलपेक्षा हे काम मला मोलाचं वाटतं, कारण जे युनिट लागतच नाही ते रात्रीही लागत नाही.

पॅनेल बसवणं त्यामानाने सोपं गेलं. मात्र ती सुरू झाल्यावर मुख्य मीटरवरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ग्रिडकडून घेतलेल्या विजेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेचं प्रमाण, घसरला. कारण साधं आहे: ग्रिडकडून घ्यायचे किलोवॉट कमी झाले, पण मोटारींना चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर तेवढीच राहिली, त्यामुळे गुणोत्तर बिघडलं. इन्व्हर्टरची सेटिंग बदलून आणि रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर जागेवरच पुरवणाऱ्या कपॅसिटर बँकेची फेरजुळणी करून ते मार्गी लावलं. कुणी हे काम हाती घेणार असेल तर ही गोष्ट कंत्राटातच लिहून घ्यावी, असं मी आवर्जून सांगेन.

उरली रात्र. हिशेब विभागाचं म्हणणं, उरलेल्या युनिटांइतकी हरित वीज दुसरीकडे तयार झाल्याची प्रमाणपत्रं विकत घेतली की आपण शंभर टक्के हरित. नियमाने ते चालतं. शंभर टक्के नवीकरणीय वीज वापरायचं ठरवलेल्या कंपन्यांच्या आरई100 या 2014 मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातही वर्षाचाच हिशेब धरतात. पण दुपारी तयार झालेल्या सौर युनिटाच्या कागदाने रात्री दोनची भट्टी तापत नाही. हरितगृह वायूंचा हिशेब कसा मांडायचा हे ठरवणाऱ्या जीएचजी प्रोटोकॉलच्या 2015 च्या मार्गदर्शनात विजेच्या उत्सर्जनाचे दोन आकडे द्यायला सांगितले आहेत: एक ग्रिडच्या सरासरीवरून, दुसरा खरेदी कराराप्रमाणे. दोन्ही आकडे अहवालात एकाच पानावर, सारख्याच अक्षरांत छापायचे, यावर मी अडून बसलो आणि ते मान्य झालं. प्रमाणपत्रांवरचा भर कमी करून पवनऊर्जेचा दीर्घ मुदतीचा करार केला. सूर्य मावळल्यावरही वारा वाहू शकतो, म्हणून आमच्या रात्रीच्या लोडशी त्याची ताशी नोंद ताडून पाहिली, मगच सही झाली.

सगळ्यात दमवलं ते उष्णतेने. जगभरच्या उद्योगांतली सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा उष्णतेसाठीच लागते, आणि आमच्याकडेही गॅसचा वापर विजेपेक्षा जास्त होता. सुटे भाग धुवायला 60 अंशांचं पाणी पुरतं. त्यासाठी आम्ही बॉयलरची वाफ वापरत होतो. आता कॉम्प्रेसरची वाया जाणारी उष्णता आणि हीट पंप (कमी तापमानाची उष्णता ओढून वरच्या तापमानाला नेणारं विजेचं यंत्र) मिळून ते पाणी तापवतात. अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीचं तसं नाही. ते 660 अंशांना वितळतं आणि ओतण्यासाठी त्याहून गरम ठेवावं लागतं. गॅसभट्टी काढून विजेची आणली की विजेचा वापर वाढतो आणि "आपली इतके टक्के वीज हरित" हा आकडा खाली येतो. वरिष्ठांना हे पचणं कठीण गेलं. मी टक्केवारीचा छेदच बदलून मांडला: नुसती वीज नको, गॅस धरून एकूण ऊर्जा घ्या. त्या हिशेबात भट्टी बदलणं सरळसरळ फायद्याचं दिसलं आणि पहिल्या भट्टीला मंजुरी मिळाली.

आता वितळवण्याचं काम होईल तेवढं दुपारच्या उन्हात आणायचं आणि रात्री फक्त धातू गरम राखायचा, असं वेळापत्रक मी मांडलं आहे. पाळीप्रमुख म्हणतात, त्याला दिवसा जास्त माणसं लागतील. त्यांचा मुद्दा रास्त आहे. बोलणी चालू आहेत.