दोन रंग

“मावशी, खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. मला दोन रंग लागणार.”

राजवाड्याजवळ मी स्कूटर लावायला जागा शोधत होते. मागे बसलेली भाची मान वर करून मजले मोजत होती. शाळेसाठी चित्र काढायचंय तिला. सात, म्हणाली.

अख्खा जन्म इंदूरला गेला माझा. कुठल्या दुकानापुढे गाडी लावली की शेटजी ओरडतात, ते झोपेतही सांगेन. पण लाकूड? पाहुण्यांना होळकरांचा वाडा दाखवतानाही माझी नजर खाली, पर्सवर. (गर्दीच तशी असते हो.)

मग मीही वर पाहिलं. लाकूडच की! एका खिडकीत कबुतर निवांत बसलं होतं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मोकळी झालेली जागा दुसऱ्याने पटकावली होती.