सोलापूरच्या वेशीवर जळका वास

पुणे-सोलापूर रस्ता आता इतका सरळ झालाय की प्रवासात सांगण्यासारखं काही घडत नाही. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी अशा पाट्या येतात, मागे पडतात; उजनीचं पाणी तेवढं मध्येच चमकून जातं. दादाला म्हणजे माझ्या चुलतभावाला दुकानासाठी चादरी-टॉवेल आणायचे होते, मला सोलापूर बघायचं होतं, म्हणून मी त्याच्या पिकअपमध्ये बसले. एप्रिलात, एसी नसलेल्या पिकअपमध्ये, पाठ काटकोनात ठेवून. हौसेने कुणी हे करू नये.

मोहोळ सोडलं आणि वास यायला लागला. आधी वाटलं शेतात कुणी पाचट पेटवलंय. काच वर केली तरी वास आतच. शिवाय स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं आणि रिकामी गाडी भरल्यासारखी जड चालत होती.

ढाब्यावर थांबलो आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. हा प्रकार मला मनापासून आवडत नाही. एकाने वायरिंग सांगितलं, दुसऱ्याने इंजिनचा पट्टा, तिसऱ्याने सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी चिकटली असणार म्हणून खाली डोकावून पाहिलं (त्याने निदान पाहिलं तरी!). शेजारच्या गॅरेजवाल्याने तर दारातूनच नाक ओढून निकाल दिला, ‘क्लचप्लेट गेली. ७,५०० रुपये. गाडी सोडून जा.’ बॉनेट उघडलं नाही, गाडी चालवून बघितली नाही, एक प्रश्न विचारला नाही. दादाने हात जोडले आणि रस्त्याच्या कडेकडेने, ब्रेकला शक्यतो पाय न लावता गाडी हळूहळू सोलापुरात आणली.

जुन्या पुणे नाक्याजवळ एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. वास कधी येतो? चढावर, हाफ क्लचवर की सरळ रस्त्यावर? दिवे लावल्यावर वाढतो का? धूर दिसला? पट्टा किंचाळतो का? क्लच जळाला तर वास पाय घसटत चालवताना येतो आणि गाडी नुसतीच गुरगुरते, पळत नाही. ऑइल सायलेन्सरवर ठिबकलं तर धूर दिसतो. वायरचा वास प्लास्टिकचा, डोक्यात जाणारा. एवढं बोलून ते उठले आणि एकेका चाकाजवळ उलटा हात नेत गाडीभोवती फिरले. तिन्ही चाकं कोमट. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तसा मागे घेतला.

‘ब्रेक धरलाय ओ. क्लचला कशाला शिव्या देताय?’

शेजारच्या टपरीवरचा पोरगा पाण्याची बादली घेऊन धावत आला. मिस्त्री त्याच्यावर तेलुगूत असे ओरडले की तो बादलीसकट परत गेला. तापलेल्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, पाणी टाकलं तर ती वाकते, तडकूही शकते, असं नंतर मला मराठीत समजावलं. थोड्या वेळाने कानडीत फोन झाला, पार्टवाल्याशी हिंदीत घासाघीस झाली. चार भाषांत एकच माणूस आणि सगळ्यांत सारखाच चिडलेला. मला ते गाव तिथेच आवडलं.

चाक निवल्यावर जॅक लावला. हाताने फिरवलं तर फिरेना. मला वाटलं आता कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग, खोलणार. त्यांनी फक्त ब्लीडिंगचं निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा-ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, अर्धा आटा सैल केलं. आतून ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं! निपल बंद केलं, दादाला ब्रेक मारून सोडायला लावलं. चाक पुन्हा जाम. म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा पिस्टन गंजून अडकलेला नव्हता, आत दाब कोंडून राहत होता. उजवं चाक मोकळं फिरत होतं, तेव्हा पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा वरचा मास्टर सिलिंडरही ठीक. उरला तो चाकापर्यंत ऑइल नेणारा मधला रबरी होजपाइप. जुना झाला की आतून फुगतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण पाय काढल्यावर परत यायला तेवढा जोर नसतो. पॅड डिस्कला घासत राहतात आणि जळतात. दादा गाडी पुसून चकाचक ठेवतो, पण बाहेरून तो पाइपही तसाच ठणठणीत दिसत होता.

‘असंच रेटलं असतं तर ब्रेक ऑइल उकळलं असतं,’ मिस्त्री म्हणाले. नवं डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या पुढे उकळतं, पण ओल धरलेलं जुनं त्याच्या बरंच आधी. मग वाफ होते, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

होज येईपर्यंत त्यांनी डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. ‘घ्या ताई,’ म्हणून भाकरीचा तुकडा हातावर ठेवला, विचारलंसुद्धा नाही. पुण्यात आम्ही आधी विचारतो आणि समोरचा नाही म्हणेल अशी आशा धरतो.

दोन्ही बाजूंचे होज आणि पॅड बदलले. आत शिरलेली एअर काढायला ब्रेक मारायला मला सीटवर बसवलं. ‘मारा, मारा, धरा! धरा म्हणलं की सोडायचं नाय ओ ताई!’ पिंडऱ्या भरून आल्या. सामान वेगळं, मजुरी ४०० रुपये. दादा जास्त द्यायला लागला तर मिस्त्रींनी जास्तीची नोट त्याच्या खिशात कोंबली.

सिद्धेश्वराचं देऊळ, भोवतीचा तलाव, भुईकोट किल्ला, चादरींची खरेदी, सगळं दुसऱ्या दिवशी उरकलं. देऊळ सुंदर आहे, दुपारी फरशीवर अनवाणी जाऊ नका.

परतीच्या वाटेवर दादा प्रत्येक चहाला उतरून चारही चाकांजवळ उलटा हात नेत होता आणि आजूबाजूच्या ड्रायव्हरांना निपलची गोष्ट सांगत होता. इंदापूर गाठायलाच रात्र झाली.