आमची वाटचाल: वाळवणापासून पुराच्या डब्यापर्यंत

दांडिया बाजारातल्या एका गच्चीवर आमचं काम सुरू झालं ते कुरडया, सांडगे, पापड, भाजणी आणि मेतकूट या पाच जिनसांवर. बडोद्यातल्या मराठी घरांना हे सगळं वर्षभर लागतं, तेव्हा ते पुण्या-मुंबईहून आणवण्यापेक्षा इथेच का करू नये, एवढाच तेव्हाचा विचार होता. पुराचा डबा, म्हणजे पुरात अडकलेल्या घराला तीन दिवस पुरेल असा कोरड्या जिनसांचा डबा, हा विषय आला २०१९ मध्ये. त्या वर्षी ३१ जुलैला शहरावर चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि विश्वामित्री नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. पाणी ओसरल्यावर दुकानी आलेल्या काकू-ताई एकच गोष्ट सांगत होत्या. डबे भरलेले होते, तरी ताटं वाढता आली नाहीत.

कारण साधं आहे. कणीक आहे, पण मळायला, पोळपाट-परात धुवायला पाणी नाही. तूरडाळ आहे, पण पाइपचा गॅस बंद आणि शेवटच्या सिलिंडरमध्ये किती उरलंय ते कळत नाही. आमची भाजणी या कसोटीवर पहिल्याच दिवशी बाद झाली. एका थालीपिठाला सात-आठ मिनिटं आच लागते, चौघांची आठ थालीपिठं करायची तर तासभर शेगडी पेटती ठेवावी लागते, शिवाय तेल आणि तवा. भाजणी उत्तम, पण ती रोजच्या घरासाठी. तेव्हापासून आम्ही प्रत्येक जिन्नस दोन मापांनी मोजतो: एका माणसाच्या ताटाला पाणी किती लागतं आणि आच किती मिनिटं लागते. चव त्यानंतर. ही मापं न लावता केलेला साठा कितीही मोठा असला तरी संकटात तो मालच राहतो, त्याचं जेवण होत नाही.

या मापाने पहिला नंबर लागला पोह्यांचा. पोहे म्हणजे एकदा भिजवून, भाजून, चेपलेला तांदूळ, म्हणजे शिजवण्याचं बरंचसं काम आधीच झालेला भात. पातळ पोहे शंभर ग्रॅमला साठ-सत्तर मिलिलिटर पाणी शिंपडलं की दहा मिनिटांत मऊ होतात. वर मेतकूट, मीठ, दाणे घातले की आचेविना जेवण होतं. जाड पोहे भिजवून निथळायचे तर पाणी वाया जातं, म्हणून डब्यात आम्ही पातळच देतो. दुसरं सातूचं पीठ: भाजलेले गहू आणि डाळं यांचं, गूळ-पाण्यात कालवून खायचं. हे दोन जिनस पहिल्या दिवसासाठी, कारण पहिल्या दिवशी घर आवरण्यात आणि सामान माळ्यावर चढवण्यातच हात गुंतलेले असतात.

आमचा खरा वेळ गेला तो खिचडीत. चौघांच्या एका जेवणाची पुडी आज अशी आहे: तांदळाची कणी २४० ग्रॅम, सालाशिवायची मूगडाळ १२०, सुकी भाजी २०, मीठ १६, आणि हळद, जिरे, मिरे, हिंग मिळून ४. एकूण ४०० ग्रॅम, पाणी १६०० मिलिलिटर. अख्खा तांदूळ सोडून कणी घेतली ती स्वस्त म्हणून नाही. तुकडा लहान असला की उष्णता आतपर्यंत लवकर पोचते आणि कणी मूगडाळीच्या बरोबरीने शिजते. अख्ख्या तांदळात डाळ गळून जायची आणि दाणा मध्ये कचकचीत राहायचा. तूरडाळ आम्ही मुद्दाम टाळली. तूर जितकी जुनी, उकाड्यात आणि दमट हवेत पडलेली, तितकी शिजायला हट्टी होते. राजमा, छोले यांचंही तेच. दोन वर्षं माळ्यावर राहिलेली तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही बोटात चुरडत नाही, आणि हे कळतं ते नेमकं गॅस संपत आल्यावर.

कणी आणि डाळ आम्ही इथेच तीन पाण्यांनी धुतो, तासभर निथळवतो, ५० अंशांवर वाळवतो आणि शेवटचा तास तापमान ६० अंशांवर नेतो. धुतलेल्या मालामुळे घरचं दोन-अडीच लिटर पाणी वाचतं, आणि शेवटच्या तासात सोंड्यांची अंडीही मरतात. इथे गुजरातेत वर्षाच्या धान्याला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळण्याची चांगली पद्धत आहे; डाळीला किलोमागे साधारण पाच मिलिलिटर तेल लावलं तर भुंगा लागत नाही. घरच्या साठ्यासाठी ती जरूर पाळा. पुराच्या डब्यातल्या डाळीला मात्र तेल लावू नका. ते काढायला नेमकं तेच पाणी लागतं जे त्या दिवशी नसतं.

शिजवायची रीत पुडीवर मोठ्या अक्षरांत छापली आहे, कारण निम्मा गॅस तिच्यावर वाचतो. झाकणाच्या जाड बुडाच्या पातेल्यात सगळं अर्धा तास भिजवायचं, त्याच पाण्यासकट उकळी आणायची, आठ मिनिटं मंद उकळू द्यायचं. मग झाकण न काढता पातेलं जुन्या वर्तमानपत्रात आणि त्यावर दोन गोधड्यांत घट्ट गुंडाळून चाळीस मिनिटं ठेवायचं. लोक एक चूक हमखास करतात: मध्ये झाकण उचलून बघतात. तेवढ्यात वाफ जाते आणि डाळ अर्धी राहते. दुसरी चूक, दोन माणसांपुरतं थोडंच शिजवायला घेतात. दीड-दोन लिटरपेक्षा कमी ऐवज लवकर निवतो, म्हणून दोघांच्या घरीही पूर्ण पुडी शिजवा आणि गरम असतानाच संपवा. उरलेली खिचडी किंवा भात बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी खाऊ नये. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. फ्रिज बंद असलेल्या घरात उलट्या सुरू होणं म्हणजे उरलेलं पाणीही गमावणं.

सुक्या भाजीचा धडा आम्हाला गाजराने दिला. घाईत ७५ अंशांवर वाळवलेल्या चकत्या वरून कडक वाटल्या, हातात खडखडल्या, आणि महिन्याभराने पुडीत पांढरी बुरशी. झालं असं की तीव्र आचेने बाहेरचा थर आधीच घट्ट झाला आणि आतल्या ओलीला वाट उरली नाही. आता गाजर तीन मिलिमीटर जाडीचं कापतो, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं धरून लगेच गार पाण्यात टाकतो, आणि ५५ ते ६० अंशांवर सात-आठ तास वाळवतो. किलोभर गाजराचे शंभर ग्रॅमच्या आसपास उरतात. मेथी खंडेराव मार्केटातून पहाटे आणतो, निवडून धुऊन सावलीत सुकवतो; उन्हात ती काळपट होते आणि वास उडतो.

वाळलेला माल थेट पुडीत जात नाही. तो पूर्ण गार करून काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरतो आणि सात दिवस रोज हलवतो. चकती वाकवली तर कट्कन मोडली पाहिजे. बरणीच्या काचेवर आतून दवाचा एक थेंब जरी दिसला तरी सगळी बरणी पुन्हा वाळवणाच्या यंत्रात. ही आठवडाभराची वाट बघणं कारखान्याच्या हिशेबात महाग पडतं, पण घरी भाज्या वाळवणाऱ्यांनीही हा आठवडा वगळू नये असं आमचं ठाम मत आहे.

मिठाने वेगळा त्रास दिला. पहिल्या वर्षी मीठ पुडीतच मिसळलं होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढायला लागतं, आणि बडोद्याचा श्रावण त्याच्या कितीतरी वर असतो. पुडी भरता भरताच मसाल्याचे खडे झाले. आता मीठ-मसाला वेगळ्या छोट्या पुडीत, आणि भरण्याचं सगळं काम मार्च ते मेमध्ये. जुलैत आम्ही काहीही भरत नाही.

पुडीचं सांगायचं तर साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून वाफ आणि हवा दोन्ही हळूहळू आत येतात. ॲल्युमिनियमचा थर असलेली पिशवी महाग, पण तिला पर्याय नाही. तिची खरी दुखती जागा म्हणजे जोड. पीठ किंवा हळद जोडावर सांडली की सील वरून चिकटलेलं दिसतं आणि आतून बारीक नळी राहते. म्हणून माल लांब नळीच्या नरसाळ्याने भरायचा, जोड कोरड्या कापडाने पुसायचा, आणि दर घाण्यातल्या काही पुड्या बादलीत बुडवून दाबायच्या. बुडबुडा आला की घाणा थांबवायचा. एकदा पिशव्या पुरवणाऱ्याने ठरल्यापेक्षा पातळ माल पाठवला आणि घड्यांवर सुईएवढी भोकं पडली. ती दिसली नाहीत, बादलीनेच सांगितली.

कणी-डाळीच्या पुडीत हवेतला प्राणवायू शोषणारी लोहाची चकती घालतो. तिच्याबरोबर सिलिका जेलची पुडी घालू नये. लोहाच्या चकतीला काम करायला थोडी ओल लागते आणि जेल तीच हिरावून घेतं. साखर-मिठातही ती घालू नका, दगड होतो. आणि नीट न वाळलेल्या मालात तर कधीच नाही, कारण ओल आहे आणि हवा नाही अशा जागी वाढणारा जिवाणू सर्वांत वाईट.

त्याच कारणासाठी एक गोष्ट आम्ही आजवर केली नाही आणि करणार नाही: शिजवलेली भाजी किंवा आमटी बाटलीत भरून विकणं. मागणी पुष्कळ आहे. पण कमी आंबट पदार्थ हवाबंद ठेवायचा तर तो आतपर्यंत १२१ अंशांना तापवून तपासावा लागतो, घरच्या कुकरात बाटली ठेवून ते साधत नाही. बोट्युलिझम म्हणजे त्याच जिवाणूने होणारी विषबाधा, आणि तिचं विष वास-चवीला कळत नाही. तेलात बुडवलेला ताजा लसूण बाहेर ठेवणंही यातच आलं. लोणच्याचं निराळं, तिथे आंबटपणा आणि मीठ राखण करतात. पण किलोभर कैरीला १५० ग्रॅमच्या खाली मीठ नेऊन "कमी मिठाचं" लोणचं बाहेर टिकवायला जाऊ नका.

डब्यातून पुढे काय काय काढलं, तेही सांगतो. चिवडा काढला, कारण तळलेलं खोबरं आधी खवट होतं आणि सगळा डबा बिघडवतं. बाजरीचं पीठ काढलं, ते आठवड्या-दीड आठवड्यात कडवट होतं. तुपात भाजलेला रवा काढून कोरडा भाजलेला ठेवला. तो पूर्ण गार करूनच भरायचा, नाहीतर पिशवीत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. तूप वेगळं.

आजचा डबा चार माणसं, तीन दिवस असा आहे: कणी-डाळ, पोहे, सातू, रवा, मेतकूट मिळून पाच किलो कोरडा माल, अर्धा किलो तूप, अर्धा किलो गूळ, पाव किलो भाजलेले दाणे. माणशी दिवसाला सुमारे २१०० कॅलरी पडतात. दाणे निवडताना सुरकुतलेला, काळपट एकही ठेवत नाही, बुरशीचं विष भाजून जात नाही. शिवाय एका कागदावर जलसंजीवनीचं प्रमाण: लिटरभर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाणी डब्यात देता येत नाही, ते घरानेच भरायचं: पिण्या-रांधण्याला माणशी दिवसाला तीन-चार लिटर. पुराचं पाणी गाळून, उकळूनही स्वयंपाकाला वापरू नये. त्यात गटारही असतं आणि कारखान्यांचं रसायनही.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा हे डबे खऱ्या अर्थाने उघडले गेले. त्यानंतर दोन बदल केले. पूर्वीचा डबा एकच मोठा होता, भरलेला सात किलोंच्या आसपास, तो जिन्यावरून नेताना म्हाताऱ्या माणसांना उचलत नव्हता. आता दोन कडीचे डबे. आणि पुड्यांवर मालाचं नाव दोन्ही बाजूंनी, काळ्या ठसठशीत अक्षरांत, कारण बॅटरीच्या उजेडात हळद आणि सातूची पुडी सारखीच दिसत होती.

लोकांनी विचारलेलं आणखी थोडं. वीज गेली की फ्रिज उगाच उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास धरतो, म्हणून तेवढ्या वेळातच दूध, शिजलेलं अन्न आधी संपवा, डबा त्यानंतर. पुराच्या पाण्यात बुडालेली फिरकीच्या झाकणाची बरणी आतून कोरडी दिसली तरी फेकून द्या, झाकणाच्या आट्यांतून पाणी आत जातं. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका, तिच्या धुराविना येणाऱ्या वायूने माणूस झोपेतच जातो.

डबा घेतल्यावर एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी त्यातली एक पुडी घरी शिजवून बघा. नळ बंद, पाणी मोजून चार लिटर, एकच शेगडी. उणीव तेव्हाच कळते: पातेल्याला नीट बसणारं झाकण नाही, दोन गोधड्या एका खोलीत नाहीत, किंवा लायटर विजेवरचा आहे आणि काडेपेटी कुठे ठेवली ते कुणालाच आठवत नाही. त्या पुडीच्या जागी नवी पुडी आम्ही मेपर्यंत बदलून देतो, तिच्यावर भरल्याचा महिना लिहून.