तुम्ही विचारलंत म्हणून: निजामाच्या मुलखात इंग्रजांची छावणी कशी?

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की हटकून विचारतात, अहो तुमच्याकडं तर निजाम होता ना, मग औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, एवढी मोठी छावणी कशी काय? मी तिथं बसून उत्तर देतच नाही, गाडी काढतो आणि सरळ खाम नदीवर नेतो.

आधी मकई गेट. दरवाज्याला लागूनच पूल आहे, तिथं कडेला दोन मिनिटं थांबायचं. एका अंगाला जुनं शहर, कोट, दरवाजे, आणि जवळच १७४४ ची पाणचक्की, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून येऊन पडायचं आणि त्यावर दर्ग्यातल्या लोकांसाठी दळण निघायचं. नदीच्या पल्याड छावणी. आमच्याकडचा इंग्रज समजून घ्यायचा तर हे दोन काठ बघायचे, कारण साहेब शहरात येऊन गादीवर बसलाच नाही, नदीपलीकडं फौज घेऊन बसला.

निजामानं १७९८ ला तैनाती फौज घेतली, म्हणजे राज्य त्याचं आणि लष्कर ईस्ट इंडिया कंपनीचं. पाचच वर्षांत, १८०३ ला, कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांना असईला हरवलं, तेही आपल्याच भोकरदनकडं, केळणा आणि जुई नदीच्या बेचक्यात. पुढं गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज उभी राहिली, तिचा खर्च निजामाच्या डोक्यावर, तो फेडता फेडता १८५३ ला वऱ्हाड गेलं आणि आपलं नळदुर्ग-धाराशिवसुद्धा १८६० पर्यंत इंग्रजांकडं होतं. हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलंच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि १८५७. ह्याच छावणीतल्या घोडदळानं बंड केलं, बाहेरून फौज आणून ते मोडलं, शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं. जागा काळा चबुतरा, म्हणजे आत्ताचा क्रांती चौक, असं जुनी माणसं सांगतात. आम्ही रोज तिथं सिग्नलला उभे असतो.

परत येताना बारापुल्ला दरवाज्याकडून येतो. जमलं तर गुरुवारी या, छावणीचा बाजार असतो, बैल, शेळ्या, आजूबाजूच्या खेड्यातली माणसं, तिथं चहा घेऊ आणि मग निवांत सगळं दाखवतो.