दिवसाही ट्यूब लावायला लागायची त्या पॅसेजमध्ये उजेड आणला

मी बेळगावात काच-ॲल्युमिनियमची कामं घेतो, पण इथल्याच शहापूर भागातल्या एका घरचं काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. घर जुन्या गल्लीतलं, तोंड अरुंद आणि आत लांबच लांब, दोन्ही अंगाला शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. पुढं हॉल, मागं स्वयंपाकघर आणि परसू, मधला पॅसेज काळाकुट्ट, भर दुपारी ट्यूब लावायची. आज्जी म्हणाल्या आधी असं नव्हतं, वर कौलं होती तवा मधे काचेचं कौल होतं, उजेड सरळ खाली पडायचा. मग मजला चढवला, स्लॅब पडला आणि ते कौल गेलं. आपल्याकडं कितीतरी घरांत हेच झालंय, मजला वाढवताना खालच्या उजेडाचा विचार कोणी करत नाही, मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

आज्जींच्या मुलाला फॉल्स सीलिंग करून एलईडी पट्ट्या पाहिजे होत्या. मी म्हटलं अण्णा थांबा, आधी ट्यूब बंद करून पॅसेजच्या तोंडाशी उभं राहून बघू, हॉलच्या खिडकीतनं आकाश कुठनं दिसतंय. समोरचं घर बैठं, कौलारू, त्यामुळं आकाश दिसत होतं, पण डोळे खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा खाली असले तरच. म्हणजे सगळे सांगतात तसं हॉल आणि पॅसेजच्या मधल्या भिंतीत दारावर वेंटिलेटर, म्हणजे छोटी खिडकी ठेवून छताला आपटून आलेला थोडा उजेडच मिळाला असता. काच त्याच भिंतीत दाराशेजारी, जमिनीपासून 3 फुटापासून 7 फुटापर्यंत पाहिजे. आणि खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, त्याच्या साधारण दोन-अडीच पट आतपर्यंतच कामाचा उजेड पोचतो, इथं 7 फूट म्हणजे 14 ते 17 फूट, त्यातले 12 तर हॉलच खातो, म्हणून मागनं स्वयंपाकघराच्या भिंतीतही काच घ्यायची ठरली.

भिंत फोडायचा दिवस मात्र टेन्शनचा. नऊ इंची भिंत, वर स्लॅबचा भार. आज्जी खुर्ची घेऊन तिथंच बसल्या, "काय करूलास रे पोरा, वरचं अंगावर येणार न्हवं?" आधीच खाली जॅक लावले, भिंतीची अर्धी जाडी एका बाजूनं कापून वरचा भार पेलायला लोखंडी चॅनल सरकवला, वर मसाला घट्ट ठासला, तो वाळल्यावरच दुसऱ्या बाजूचा चॅनल घातला होता, आणि मग त्या दिवशी खालच्या विटा काढायला घेतल्या. गवंडी गोकाककडचा, शेवटची रांग पडली तसा ओरडला, "बेळक बंत री!", म्हणजे कानडीत उजेड आला. आज्जींनी हात पुढं करून उजेडात धरला आणि सुनेला हाक मारली, "अगं बघ ये की!"

सुनेची काळजी वेगळी आणि बरोबरच, हॉलमध्ये पाहुणे बसले की आतली ये-जा दिसणार. म्हणून 8 एमएम फ्लूटेड टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली रेघांची काच घेतली, उभ्या रेघांमुळं माणूस ओळखू येत नाही पण उजेड येतो. टफन एकदा भट्टीतनं निघाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, म्हणून भिंतीतलं भोक प्लास्टर होऊन वाळल्यावरच माप घेतलं, आणि 3 बाय 4 फुटांचा एक तुकडा 22 किलोच्या आसपास भरतो, दोघांनी सांभाळूनच उचलायचा. पॅसेजला छातीपर्यंत गडद हिरवा ऑइलपेंट होता, तो बराचसा उजेड गिळतो, तिथं पांढरा मारायला लावला, ह्याला खर्च कमी आणि फरक मोठा.

आता समोरचे बैठ्या घरावर मजला चढवणार म्हणून बघायला येऊन गेले. म्हणजे पुढनं येणारा उजेड कमी होणार, आज्जींना मी ते स्पष्ट सांगितलं, परसू मोकळा आहे म्हणून मागची काच तेवढी टिकेल. समोरच्यांना म्हटलं स्लॅब टाकायच्या आधीच मधे दोन बाय दोन फुटांचं कटआउट, म्हणजे उजेडासाठी मोकळं भोक सोडा, वरच्या मजल्यातही त्याच्यावरच सोडा आणि शेवटी गच्चीत लॅमिनेटेड काच घाला, डोक्यावर नुसती टफन नको, फुटली तर सगळे तुकडे खाली येतात, लॅमिनेटेडचे आतल्या फिल्मला धरून राहतात. ते इंजिनिअरला विचारतो म्हणालेत, आज्जी रोज त्यांना आठवण करूलेत.