एपी कॅल्क्युलस बीसी: लेखी प्रश्नांत गुण कुठे गळतात

अमेरिकेतल्या मराठी घरांत मे महिना जवळ आला की एपी कॅल्क्युलस बीसीची, म्हणजे हायस्कूलमध्ये देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या गणित परीक्षेची, काळजी सुरू होते. जेईई-सीईटी देऊन आलेले आईवडील सवयीने सांगतात, भरपूर गणितं सोडव, वेग वाढव. निम्म्या पेपरपुरतं हे बरोबर आहे. ४५ बहुपर्यायी प्रश्नांना पावणेदोन तास मिळतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. उरलेले निम्मे गुण सहा लेखी प्रश्नांना असतात, प्रत्येकी ९. हा भाग आपल्या बारावी बोर्डासारखा, पायरीपायरीला गुण देत तपासतात, आणि हुशार मुलांचे गुण इथेच जातात.

सहावा प्रश्न बहुधा सिरीजचा, म्हणजे अनंत पदांच्या बेरजेचा असतो. समजा, (क्ष − ३) चा एनवा घात भागिले (एन गुणिले २ चा एनवा घात) अशी पदं दिली आहेत आणि इंटरव्हल ऑफ कन्व्हर्जन्स, म्हणजे क्षच्या कोणत्या किमतींना ही बेरीज एका ठराविक संख्येकडे जाते (कन्व्हर्ज होते), तो पट्टा विचारला आहे. लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर पाहणाऱ्या रेशो टेस्टने १ ते ५ ही मर्यादा येते. बरीच मुलं इथेच थांबतात. पण दोन्ही टोकं वेगळी तपासावी लागतात. क्ष = ५ ला १/एन ही हार्मोनिक सिरीज मिळते, ती डायव्हर्ज होते, म्हणजे कुठल्याच ठराविक संख्येकडे जात नाही. क्ष = १ ला चिन्हं आलटूनपालटून येतात, पदांचं मूल्य घटत शून्याकडे जातं, म्हणून ती कन्व्हर्ज होते. उत्तर: १ ≤ क्ष < ५. टेस्टचं नाव आणि तिच्या अटी दोन्ही लिहायच्या. नुसतं ‘कन्व्हर्ज होते’ म्हणून भागत नाही.

डिफरन्शियल इक्वेशनमध्ये (डेरिव्हेटिव्ह असलेल्या समीकरणात) दोन्ही चलं आधी वेगळी केली नाहीत, तर त्या उपप्रश्नाला सहसा शून्यच मिळतं. चलं वेगळी केली पण ‘+ सी’ हा इंटिग्रेशनचा स्थिरांक विसरला, तर सुरुवातीचे काही गुण हाती लागतात, पुढचे सगळे जातात, कारण दिलेली किंमत घालायला जागाच उरत नाही. मीन व्हॅल्यू थिअरम (बदलाचा सरासरी दर मध्ये कुठेतरी प्रत्यक्ष दराइतका असतोच, हे सांगणारं प्रमेय) वापरताना फलन डिफरन्शिएबल आहे, म्हणून कंटिन्युअस आहे, हे वाक्य लिहायलाच हवं. ‘ते वाढतंय’ असं मोघम लिहू नये. मूळ फलन, पहिलं डेरिव्हेटिव्ह की दुसरं, हे नावानिशी सांगावं.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. आकड्यांचं उत्तर सोपं रूप देऊन लिहिण्याची सक्ती नाही. ३/४ + ५/६ तसंच ठेवलं तरी पूर्ण गुण मिळतात, आणि बेरीज चुकली तर हातचा गुण जातो. कॅल्क्युलेटरच्या प्रश्नांत दशांशानंतर तीन स्थळं अचूक हवीत. मधल्या आकड्याला आधीच राउंड केलं की तिसरं स्थळ बिघडतं, म्हणून ती किंमत मशीनमध्येच साठवून ठेवावी. मोड रेडियनचा आहे ना, हे पहिल्या प्रश्नाआधी पाहावं.

तयारीला कोचिंगचे जाडजूड संच लागत नाहीत. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या एपी सेंट्रल या वेबसाइटवर जुने लेखी प्रश्न आणि त्यांचे गुणदानाचे तक्ते फुकट आहेत. मार्चपासून एका बैठकीत दोन प्रश्न, प्रत्येकी १५ मिनिटं, घड्याळ लावून सोडवावेत. परीक्षेतही प्रश्नामागे तेवढाच वेळ असतो. मग लाल पेनाने तक्त्यावरून स्वतःच तपासावं, कडक हाताने. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहावं: कल्पनाच कळली नव्हती, आकडेमोड चुकली, की कारण द्यायचं राहिलं. तिसरंच कारण जास्त वेळा दिसलं, तर नवी गणितं थांबवून जुनीच उत्तरं पूर्ण वाक्यांत पुन्हा लिहिणं जास्त उपयोगाचं.

२०२५ पासून प्रश्न कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक या परीक्षेच्या ॲपवर दिसतात, पण लेखी उत्तरं कागदी पुस्तिकेतच हाताने लिहायची असतात. ॲपमध्ये डेसमॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आहे, तरी ज्या कॅल्क्युलेटरवर वर्षभर हात बसलाय तोच न्यावा. चुकलेला मजकूर खोडरबराने घासत बसू नये. एक रेघ मारली की तो तपासत नाहीत. मात्र त्याऐवजी दुसरं काही लिहायला वेळच उरला नसेल, तर रेघही मारू नये. अर्ध्या बरोबर पायरीलाही गुण मिळू शकतो.