चंद्र शुक्राकडे सरकताना: पठारावरची एक संध्याकाळ

चंद्र-शुक्राची युती, म्हणजे दोघं आकाशात शेजारी दिसणं, म्हटलं की बहुतेक लोक बाहेर येतात, मान वर करतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि पाच मिनिटांत आत जातात. मीही इतकी वर्षं तेच केलं. या वेळी ठरवलं की दोघं मावळेपर्यंत जागा सोडायची नाही. चौघं जण एका उघड्या पठारावर गेलो आणि सूर्यास्ताच्या आधीपासून सव्वानऊपर्यंत तिथंच बसलो.

जागा निवडताना एकच गोष्ट बघा, ती म्हणजे पश्चिम क्षितिज. संध्याकाळची युती पश्चिमेलाच होते आणि शेवटचा तास सगळा क्षितिजाजवळ जातो. अंधाराचं मात्र फार मनावर घेऊ नका. चंद्र आणि शुक्र शहराच्या मधोमधूनही झकास दिसतात. आम्ही गेलो ते अंधारासाठी नव्हे, झाडं आणि इमारती टाळायला. त्यातही आदल्या दिवशी जाऊन पाहणी न केल्यामुळे पोहोचल्यावर समोर एक टेकाड निघालं. पंधरा मिनिटं बाजूला चालत गेलो, तेव्हा कुठे क्षितिज मोकळं मिळालं.

वेळेचा घोळ आणखी जुना आहे. मागे गुरूच्या युतीच्या वेळी मी ‘सर्वांत जवळ’ची छापील वेळ धरून बसलो होतो. ती वेळ जागतिक प्रमाणवेळेतली निघाली आणि आमच्याकडे तेव्हा लख्ख दुपार होती. तेव्हापासून मी छापील वेळ फक्त तारीख कळावी म्हणून बघतो. आपल्या गावचा सूर्यास्त कधी आणि चंद्रास्त कधी, एवढं पाहायचं. आमचा चंद्र तीन दिवसांचा होता, म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण अडीच तास हातात होते.

पहिली मजा तर उजेडातच आली. शुक्र दिवसाही दिसतो, अडचण फक्त नेमकं कुठे बघायचं याची असते. शेजारी चंद्र असला की पत्ता आपोआप सापडतो. सूर्य मावळायला अर्धा तास होता. निळ्या आभाळात आधी पुसटशी कोर सापडली, मग तिच्या वरच्या बाजूला तीन चंद्र मावतील एवढ्या अंतरावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. एकदा दिसल्यावर तो आधी कसा दिसला नाही याचंच नवल वाटतं. नजर जरा हलली की परत हरवतो, ही गोष्ट वेगळी. एक सक्त सूचना: सूर्य वर असताना बायनॉक्युलर त्याच्या आसपास फिरवू नका. भिंतीच्या किंवा झाडाच्या सावलीत उभं राहा, म्हणजे चुकूनही सूर्य भिंगात येणार नाही.

अंधारलं तसा कोरीचा काळा भाग उजळला. पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश चंद्रावर पडतो, त्याची ती राखाडी प्रभा. १० x ५० च्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगाच्या) बायनॉक्युलरमधून त्यात काळसर सपाट प्रदेशही ओळखू येत होते. लक्षात घ्या, कोरीची उजळ कड मावळलेल्या सूर्याकडे, म्हणजे खाली होती आणि शुक्र होता तो काळ्या कडेच्या बाजूला. चंद्र त्या काळ्या कडेनं पुढे सरकत होता.

आणि तो सरकतो हे दिसतं, हेच सांगायला हा सगळा खटाटोप. ताऱ्यांच्या तुलनेत चंद्र तासाला साधारण आपल्या व्यासाइतका, म्हणजे अर्धा अंश, पूर्वेकडे जातो. आम्ही दर वीस मिनिटांनी वहीत कोर आणि ठिपका काढला. चित्रकला यथातथाच, पण तीन चंद्रांचं अंतर मावळेपर्यंत जेमतेम दीडवर आलं होतं. फोटोपेक्षा ती वही मला जास्त आवडली.

आमच्याकडे चंद्रानं शुक्राला झाकलं नाही. झाकलं तर त्याला पिधान म्हणतात. ग्रह आकाशात सूर्य ज्या वाटेनं सरकताना दिसतो तिच्या आसपासच असतात, पण चंद्राची कक्षा त्या वाटेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक महिन्यांत तो ग्रहाच्या वरून किंवा खालून निघून जातो. शिवाय चंद्र इतका जवळ आहे की पृथ्वीवर आडव्या दिशेनं तीनेक हजार किलोमीटर सरकलं, तर तो जवळजवळ आपल्या व्यासाइतका हललेला दिसतो. म्हणून एकाच रात्री एका देशात पिधान आणि दुसऱ्या देशात नुसती युती. पिधान बघायचं तर बातमी कुठल्या जागेसाठी आहे ते तपासाच. शेजार तर सगळा दिसण्यापुरताच: त्या दिवशी शुक्र चंद्राच्या सुमारे पावणेपाचशे पट लांब होता.

फोटो काढणार असाल तर ट्रायपॉड आणि टायमर हवाच. मोबाइल कोरीला जाळून पांढरा गोळा करतो. चंद्रावर बोट ठेवून उजेड खाली ओढा. राखाडी प्रभा हवी तर उलट एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर द्या, मग कोर जळते. दोन्ही एकाच फोटोत मागू नका. माझा ट्रायपॉड गाडीत होता आणि त्याची वरची प्लेट घरी, त्यामुळे मोबाइल दगडाला टेकवून काम भागवलं.

बसायला सतरंजी, लाल कागद लावलेली टॉर्च आणि भिंग पुसायला कोरडं सुती फडकं घ्या. आठनंतर दव पडून बायनॉक्युलर धुरकट झालं आणि आम्ही दहा मिनिटं ढग आले असंच समजत होतो.

नऊच्या सुमारास कोर तांबूस होऊन क्षितिजावर चपटी झाली. शुक्रही एरवीचा शांतपणा सोडून लाल-हिरवा लुकलुकायला लागला. आधी चंद्र बुडाला. शुक्र आणखी चारेक मिनिटं एकटा टिकला.

दुसऱ्या दिवशी गच्चीतून पाहिलं, तर चंद्र शुक्राला मागे टाकून हाताच्या मुठीहून थोडा जास्त वर चढला होता. पुन्हा भेट साधारण महिन्याभरानं, पण अंतर दर वेळी वेगळं. टेकाड लक्षात आहे, या वेळी प्लेट आधी गाडीत टाकणार.